प्रस्तरभंगी खोरी आणि तेलशोध

भूकवच ताणले गेले की प्रस्तरभंगांनी, म्हणजे खडक ज्यांच्या बाजूने सरकतात अशा मोठ्या भेगांनी, तुटते. काही ठोकळे खचतात, काही वरच राहतात आणि खचलेल्या भागात कोट्यवधी वर्षे गाळ साचत जातो. अशा खोऱ्यात तेल-वायू शोधणे म्हणजे तेल कुठे शिजले, कोणत्या वाटेने चढले आणि कशाने अडले, हे आधी ठरवणे. तिन्ही प्रश्न शेवटी प्रस्तरभंगांपाशीच येऊन थांबतात.

राजस्थानातील बाडमेर–सांचोर खोरे याचा चांगला नमुना आहे. खंबायतच्या खोऱ्याला उत्तरेकडे जोडून असलेले हे खोरे सुमारे २०० किमी लांब व ४० किमी रुंद असून मुख्यतः क्रिटेशस या भूशास्त्रीय कालखंडाच्या अखेरीपासून नंतरच्या इओसीन कालखंडापर्यंत खचत गेले. दख्खनचा लाव्हा याच कालखंडातला. रागेश्वरी येथे खोलवर वायू सापडला तो चक्क ज्वालामुखी खडकांत.

इथला मुख्य साठा-खडक, म्हणजे ज्याच्या छिद्रांत तेल साठते तो खडक, म्हणजे फतेहगढ वालुकाश्म. त्यावर बाडमेर हिल हा जुन्या सरोवराच्या तळाशी साचलेला, सेंद्रिय द्रव्याने भरलेला थर येतो. तेल त्यातच तयार झाले. आता अडचण अशी की तेल वर चढते, आणि इथे साठा-खडक तर तेल तयार करणाऱ्या जनक खडकाच्या खाली. हा पेच प्रस्तरभंग सोडवतात. खचलेल्या ठोकळ्यातला बाडमेर हिल खोल जाऊन तापतो, तर शेजारच्या उचललेल्या ठोकळ्यातला फतेहगढ त्याच्यापेक्षा उंचावर राहतो. तेल तिरप्या वाटेने तिकडे सरकते. जानेवारी २००४ मध्ये केर्न कंपनीला सापडलेले मंगला क्षेत्र अशाच एका कलंडलेल्या ठोकळ्याच्या माथ्यावर आहे. या क्षेत्रात आधी भागीदार असलेल्या शेल कंपनीने तोवर काढता पाय घेतला होता! मंगलाचे तेल इतके मेणचट की साध्या तापमानालाही गोठते. म्हणून ते गुजरातच्या किनाऱ्याकडे नेणारी नळवाहिनी सतत तापती ठेवावी लागते.

नकाशावर प्रस्तरभंग दिसला म्हणजे सापळा, अर्थात तेल अडून साचण्याची जागा, मिळाला असे मात्र नाही. भंगापलीकडे सच्छिद्र वाळूसमोर वाळूच आली तर तेल बहुधा निसटते. चिकणमातीचा थर आला, किंवा घसरताना चिकणमाती भंगाच्या पृष्ठावर लिंपली गेली, तर अडते. एकच भंग एका खोलीवर गळका, दुसऱ्या खोलीवर घट्ट असू शकतो. खरा निवाडा विहिरीच करतात: भंगाच्या दोन बाजूंना तेल-पाण्याची सीमा वेगवेगळ्या खोलीवर लागली, तर तो भंग बांध असल्याचा संशय बळावतो. त्रिमितीय भूकंपीय सर्वेक्षणाने (जमिनीत कंपने सोडून परतणाऱ्या लाटांवरून खडकांची प्रतिमा काढण्याने) भंगांची चित्रे पुष्कळ स्पष्ट झाली आहेत, तरी मोठ्या भंगाच्या छायेत प्रतिमा धूसर होते आणि नेमकी तिथेच विहीर चुकीच्या ठोकळ्यात उतरण्याची भीती असते.

मुंबई हाय येथे भंगांचे काम थोडे वेगळे आहे. १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या समुद्रातील वेधन-मंचाने तिथे तेल शोधले ते मुख्यतः इओसीननंतरच्या मायोसीन कालखंडातील चुनखडकात. हा चुनखडक पायाच्या, म्हणजे गाळाच्या थरांखालच्या जुन्या कठीण, खडकाच्या उंच राहिलेल्या ठोकळ्यावर पसरला आहे. ठोकळ्याच्या पूर्व कडेला मोठा प्रस्तरभंग आहे. तेलाचा मोठा वाटा शेजारच्या, अधिक खोल खचलेल्या सुरत द्रोणीतून आला असे मानतात. पुढे पायाच्याच भेगाळलेल्या खडकांतूनही काही विहिरींना तेल लागले.