सामुदायिक मानसिक आरोग्य पथकांचे प्रशिक्षण : तीव्र मानसिक आजारांच्या संदर्भात

स्किझोफ्रेनिया म्हणजेच छिन्नमनस्कता, द्विध्रुवीय विकार (उन्माद आणि नैराश्य यांचे झटके येणारा आजार), मनोविकृतीची लक्षणे असलेले तीव्र नैराश्य यांसारख्या दीर्घकाळ चालणाऱ्या आजारांत रुग्णाला रुग्णालयाबाहेर, त्याच्या घरी आणि गावात आधार देता यावा यासाठी डॉक्टर, परिचारिका, सामाजिक कार्यकर्ते आणि स्थानिक आरोग्यसेवक यांना एकत्रितपणे दिले जाणारे शिक्षण. त्यात लक्षणे ओळखणे, औषधोपचार टिकवून धरणे, कुटुंबाशी संवाद, दैनंदिन कामकाजाचे पुनर्वसन, आणीबाणीचे प्रसंग हाताळणे आणि रुग्णाचे कायदेशीर हक्क हे विषय येतात. एकेकट्या व्यक्तीऐवजी संपूर्ण पथक हे शिक्षणाचे एकक मानले जाते, कारण हे आजार वर्षानुवर्षे चालतात आणि डॉक्टर किंवा परिचारिका यांची बदली झाली तरी रुग्णाची माहिती आणि त्याच्याशी जुळलेले नाते खंडित होऊ नये, ही अपेक्षा असते.

भारतात या विचाराची सुरुवात मोठ्या मनोरुग्णालयांच्या आवारातूनच झाली. अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्या सागर यांनी १९५० च्या दशकात रुग्णांच्या नातेवाइकांना आवारात तंबू ठोकून राहू दिले आणि उपचारांत सामील करून घेतले. आजाराबद्दल चार समजुतीच्या गोष्टी कळल्या की कुटुंब रुग्णाला परत न्यायला तयार होते, हा त्यातून मिळालेला धडा होता. पुढे १९७५ च्या सुमारास चंदीगडच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेने हरियाणातील रायपूर राणी येथे आणि बंगळूरच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने जवळच्या सकळवारा येथे प्राथमिक आरोग्य केंद्रांतील डॉक्टरांना व बहुउद्देशीय कर्मचाऱ्यांना मानसिक आजार ओळखण्याचे व मूलभूत उपचार देण्याचे शिक्षण दिले. रायपूर राणीचे काम डॉ. एन. एन. विग यांच्या नेतृत्वाखाली जागतिक आरोग्य संघटनेच्या बहुराष्ट्रीय अभ्यासाचा भाग म्हणून झाले. या दोन प्रयोगांच्या आधारावर १९८२ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आला, १९८५ पासून कर्नाटकातील बेळ्ळारी जिल्ह्यात त्याचा जिल्हास्तरीय नमुना उभा राहिला आणि १९९६ मध्ये जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. जिल्हा पथकात मनोविकारतज्ज्ञ, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, मानसोपचार सामाजिक कार्यकर्ता आणि परिचारिका ही प्रमुख पदे असतात. तालुका व गावपातळीवरील वैद्यकीय अधिकारी, आरोग्यसेविका आणि आशा यांना शिकवणे हे या पथकाच्या कामांपैकीच एक मानले गेले आहे. कागदावर ही रचना निर्दोष आहे. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी पदे रिक्त राहतात आणि उरलेल्या माणसांचा दिवस बाह्यरुग्ण विभागातच संपतो.

परदेशातील प्रयोगांपैकी सर्वाधिक परिणाम घडवणारा प्रयोग अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात मॅडिसन येथे १९७० च्या दशकाच्या आरंभी झाला. लिओनार्ड स्टाइन, मेरी अ‍ॅन टेस्ट आणि अर्नोल्ड मार्क्स यांनी मेन्डोटा येथील मनोरुग्णालयातील कर्मचारीवर्गच रुग्णालयाबाहेर नेला. वॉर्डात जे शिकवले जाई ते रुग्णाच्या भाड्याच्या खोलीत, किराणा दुकानात आणि बसथांब्यावर शिकवायचे, अशी त्यांची पद्धत होती. चौदा महिने हा कार्यक्रम चालला तेव्हा रुग्ण बव्हंशी रुग्णालयाबाहेर राहू शकले. मदत काढून घेतल्यावर मात्र मिळवलेले बरेचसे ओसरले आणि रुग्णालयातील भरती पुन्हा वाढली. या प्रयोगातून विकसित झालेल्या ‘असर्टिव्ह कम्युनिटी ट्रीटमेंट’ पद्धतीत साधारणतः दहा रुग्णांमागे एक कर्मचारी असतो आणि मदतीला मुदत नसते. इतके मनुष्यबळ भारतातल्या जिल्ह्याला परवडणारे नाही. पण मुदतीचा मुद्दा इथेही तितकाच खरा आहे आणि पुढे दिसेल त्याप्रमाणे तो रुग्णांइतकाच प्रशिक्षणार्थींनाही लागू पडतो.

अभ्यासक्रमाचा प्रारंभ सहसा लक्षणांपासून होतो. भास (नसलेले आवाज ऐकू येणे, नसलेल्या गोष्टी दिसणे) आणि भ्रम (पुराव्याविना ठाम बसलेली खोटी समजूत) ही लक्षणे नवख्या सेवकाच्या लवकर लक्षात येतात, कारण ती उघड असतात. अवघड जाते ते बोलणे कमी होणे, अंघोळ टाळणे, तासन्‌तास एका जागी बसून राहणे, कशातच रस न उरणे, या उणेपणाच्या लक्षणांना आजार म्हणून ओळखणे. घरचे त्यालाच आळस किंवा माज म्हणतात आणि शिक्षण न मिळालेला सेवकही बऱ्याचदा त्यांचीच बाजू घेतो. त्यात आणखी एक गुंता असतो. या आजारांवर दिल्या जाणाऱ्या हॅलोपेरिडॉलसारख्या औषधांमुळे आलेला ताठरपणा, हातांचा कंप आणि मंद चाल वरवर पाहता या लक्षणांसारखीच दिसते, तर काही रुग्णांना औषधानेच अशी बेचैनी येते की ते एका जागी बसू शकत नाहीत आणि घरचे समजतात की आजार बळावला. प्रशिक्षित सेवक औषध बदलत नाही, बदलूही नये. रुग्णाला उभे करून चालायला सांगणे, मनगट हलवून पाहणे आणि जे दिसले ते नेमक्या शब्दांत डॉक्टरांना कळवणे, एवढे त्याला यावे लागते.

भासांविषयी शिकवताना एक प्रात्यक्षिक अनेक ठिकाणी करून घेतले जाते. एका प्रशिक्षणार्थीला खुर्चीवर बसवून त्याला साधे प्रश्न विचारले जातात : पत्ता काय, सकाळी काय खाल्ले, शंभरातून सात वजा केले तर किती उरतात. त्याच वेळी दोघे जण त्याच्या दोन्ही कानांशी सतत पुटपुटत राहतात, कधी टोमणे, कधी हुकूम. बहुतेकांची उत्तरे दुसऱ्या-तिसऱ्या प्रश्नालाच अडखळू लागतात. रुग्ण उत्तर द्यायला वेळ का लावतो, मध्येच का हसतो किंवा चिडतो, हे तासाभराच्या व्याख्यानापेक्षा या पाच मिनिटांत अधिक नीट कळते. असे आवाज असलेल्या माणसाशी वाद घालू नये आणि त्याच्या भ्रमाला खोटी मान्यताही देऊ नये, हा नियम त्यानंतर सांगितला तर तो लक्षात राहतो.

गृहभेट हा प्रशिक्षणाचा गाभा आहे आणि तो वर्गात शिकवता येत नाही. नवा सेवक अनुभवी सहकाऱ्याबरोबर काही भेटी नुसत्या पाहतो, नंतर सहकारी बसलेला असताना स्वतः बोलतो आणि शेवटी एकटा जातो. ‘गोळ्या चालू आहेत ना?’ या प्रश्नाला ‘हो’ हेच उत्तर मिळते, म्हणून पाकीट मागून घ्यावे, गोळ्या मोजाव्यात आणि शेवटची चिठ्ठी कधीची आहे ते पाहावे. औषध थांबलेले आढळले तर रागावू नये, कारण पुढच्या खेपेस ते लपवले जाईल. थांबण्याची कारणे बहुधा साधी असतात : तालुक्याच्या गाडीचे भाडे, बुडणारी मजुरी, दिवसभर येणारी झोप, वाढलेले वजन, लग्न ठरण्याच्या बोलणीत आजार उघड होण्याची भीती, किंवा बरे वाटते आहे तर आता कशाला, हा विचार. यांतल्या प्रत्येक कारणावर वेगळा उपाय असतो. पंधरवड्याने किंवा महिन्याने द्यायच्या फ्लुफेनाझिनच्या इंजेक्शनची तारीख नोंदवहीत ठेवणे आणि ती चुकली की त्याच आठवड्यात घरी पोहोचणे हे दिसायला कारकुनी काम आहे, पण आजार उलटणे टाळण्यात त्याचा वाटा मोठा आहे.

कुटुंबाशी करावयाचे काम स्वतंत्रपणे शिकवावे लागते. सतत टीका, चीड किंवा अतिकाळजीचे वातावरण असलेल्या घरांत आजार उलटण्याचे प्रमाण अधिक असते, हे जॉर्ज ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या इंग्लंडमधील संशोधनापासून ज्ञात आहे. चंदीगड येथील अभ्यासात भारतीय घरांमध्ये अशा भावनिक ताणाचे प्रमाण कमी आढळले. तेवढ्यावरून भारतीय कुटुंब आपोआप सांभाळून घेते असा सोयीचा निष्कर्ष काढणे मात्र योग्य नाही. सांभाळण्याचा भार बहुतेक वेळा आईवर किंवा पत्नीवर पडतो आणि तिच्या थकव्याची नोंद कुठल्याच तक्त्यात होत नाही. देवऋषी, मांत्रिक किंवा दर्गा यांच्याकडे जाण्याला सेवकाने थेट विरोध केला की घराचे दार बंद होते. नवस फेडा, पण गोळ्या सोडू नका, अशी भूमिका घेणे आणि मारहाण, उपासमार किंवा बांधून ठेवणे मात्र ठामपणे थांबवणे, ही व्यवहारात टिकलेली वाट आहे. तमिळनाडूत एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी लागलेल्या आगीत साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण मृत्युमुखी पडले, त्यानंतर हा विषय देशाच्या ऐरणीवर आला. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ ने रुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्यास मनाई केली आहे. २९ मे २०१८ पासून अमलात आलेल्या या कायद्याने समाजात राहण्याचा हक्क, आगाऊ निर्देश (आपल्यावर कसे उपचार व्हावेत किंवा होऊ नयेत हे आधीच लिहून ठेवणे) आणि नामनिर्देशित प्रतिनिधी (रुग्णाने स्वतः नेमलेली, त्याच्या वतीने बोलणारी व्यक्ती) यांचीही तरतूद केली, त्यामुळे पथकाच्या शिक्षणात या कलमांचा अंतर्भाव करावाच लागतो. सरकारी रुग्णालये व तुरुंगांतील वैद्यकीय अधिकाऱ्यांना मूलभूत आणि तातडीच्या मानसिक उपचारांचे प्रशिक्षण देणे ही शासनाची जबाबदारी असल्याचेही हाच कायदा सांगतो.

महाराष्ट्र व गोव्याशी थेट संबंध असलेला या क्षेत्रातील महत्त्वाचा अभ्यास ‘कॉप्सी’ या नावाने ओळखला जातो. सुदीप्तो चॅटर्जी आणि सहकाऱ्यांनी सातारा, गोवा आणि तमिळनाडूतील कांचीपुरम येथे केलेल्या या चाचणीचे निष्कर्ष २०१४ मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. स्किझोफ्रेनियाच्या २८२ रुग्णांपैकी १८७ जणांना दवाखान्यातील नेहमीच्या उपचारांबरोबर प्रशिक्षित स्थानिक सेवकांची घरपोच मदत मिळाली आणि ९५ जणांना फक्त दवाखान्यातील उपचार मिळाले. हे सेवक मानसोपचाराची पदवी नसलेले, शालेय शिक्षण घेतलेले स्थानिक लोक होते. पहिल्या काही महिन्यांत वारंवार भेटी, त्यानंतर अंतर वाढवत महिन्याला एक, अशी रचना होती. त्यांच्यावर देखरेखीसाठी समन्वयक आणि मनोविकारतज्ज्ञ होते. वर्षअखेर मदत मिळालेल्या गटात लक्षणे आणि विकलांगता सरासरीने कमी दिसली, परंतु फरक माफक होता. लक्षणांत वीस टक्क्यांहून अधिक घट झालेल्यांचे प्रमाण दोन्ही गटांत ५१ टक्केच होते. सर्वांत स्पष्ट लाभ ग्रामीण तमिळनाडूत, म्हणजे जिथे सेवा मुळातच तुटपुंज्या होत्या तिथे, दिसून आला. अशा निकालांची जाहिरात करताना माफक हा शब्द गाळला जातो, तो गाळू नये. त्याआधी मध्य प्रदेशातील बडवानी येथे आशाग्राम या, मूळ कुष्ठरोग्यांच्या पुनर्वसनासाठी स्थापन झालेल्या संस्थेने स्थानिक सेवकांच्या मदतीने केलेल्या कामातही रुग्ण उपचारांत टिकून राहण्याचे प्रमाण चांगले आढळले होते.

प्रशिक्षण कुठे फसते याचे उत्तर बहुधा अभ्यासक्रमात नसते. ब्रिटनमध्ये १९९० च्या दशकात ‘थॉर्न’ उपक्रमाद्वारे परिचारिकांना स्किझोफ्रेनियासाठी मनोसामाजिक उपचारांचे सखोल शिक्षण देण्यात आले. त्या काळात कुटुंबोपचार शिकलेल्या अनेक कर्मचाऱ्यांनी कामावर परतल्यावर मोजक्याच कुटुंबांबरोबर ते वापरले, कारण रुग्णसंख्या जास्त, कुटुंब भेटते ते संध्याकाळी आणि वरिष्ठांना त्या कामाची गणना कशात करावी हे ठाऊक नाही. आपल्याकडे तीन दिवसांची कार्यशाळा, पूर्वचाचणी, उत्तरचाचणी आणि प्रमाणपत्र एवढ्यावर काम संपल्याचे समजले जाते. उत्तरचाचणीतील गुण वाढतात, सहा महिन्यांनी नोंदवहीत रुग्णांची संख्या वाढलेली नसते. शिकवणुकीचे दिवस किती, यापेक्षा नंतर दर पंधरवड्याला कोणी बसून अडलेल्या रुग्णांची चर्चा करतो का, हे अधिक निर्णायक ठरते. निम्हान्सने दूरदृश्य माध्यमातून चालवलेल्या चर्चासत्रांचा भर अशाच रुग्णकेंद्री मार्गदर्शनावर आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या, २०१० मध्ये प्रथम आलेल्या एमएच-गॅप (मानसिक आरोग्यसेवेतील तूट भरून काढण्यासाठीच्या) मार्गदर्शिकेच्या आधारे दिल्या जाणाऱ्या प्रशिक्षणातही देखरेख हा स्वतंत्र टप्पा मानला आहे. आशांच्या बाबतीत प्रश्न आणखी सरळ आहे : त्यांचा मोबदला बव्हंशी कामनिहाय ठरतो आणि वर्षभर चालणाऱ्या पाठपुराव्याचा दर ठरवला नसेल तर ते काम मागे पडणारच.

शारीरिक आरोग्य हा दुर्लक्षित विषय. तीव्र मानसिक आजार असलेल्या व्यक्तींचे आयुर्मान सर्वसाधारण लोकांपेक्षा दहा ते वीस वर्षांनी कमी असते आणि त्यामागे आत्महत्येबरोबरच हृदयविकार, मधुमेह व संसर्गजन्य आजार असतात. म्हणून पथकाला कमरेचा घेर, वजन, रक्तदाब आणि साखर मोजणे, क्लोझापिन घेणाऱ्याच्या पांढऱ्या पेशींची ठरलेल्या अंतराने तपासणी होते की नाही हे पाहणे आणि लिथियम घेणाऱ्याला जुलाब-उलट्या झाल्यास ताबडतोब डॉक्टरांकडे पाठवणे शिकवले जाते. त्याच ओघात दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार मिळणारे प्रमाणपत्र, निवृत्तिवेतन आणि रोजगार हमीचे काम यांची कागदपत्रे भरणेही येते. रुग्णाच्या घरी या कागदांमुळे सेवकावर जेवढा विश्वास बसतो, तेवढा समुपदेशनाने क्वचितच बसतो.

अलीकडे प्रशिक्षक म्हणून स्वतः आजारातून गेलेल्या व्यक्ती आणि त्यांचे नातेवाईक यांना बोलावण्याची पद्धत रुजत आहे. मराठी भाषकांत याची पूर्वपीठिका आहे : कॅनडात प्राध्यापक असलेले जगन्नाथ वाणी यांच्या पुढाकाराने पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन ही संस्था उभी राहिली आणि तेथील स्वमदत गटांत शुभार्थी व शुभंकर, म्हणजे रुग्ण आणि त्यांची काळजी घेणारे, एकमेकांना अनुभव सांगू लागले. अशा व्यक्तीला प्रशिक्षणवर्गात एक तास ‘मनोगत’ मांडायला बोलावून निरोप देण्याची प्रथा अपुरी आहे. प्रश्नपत्रिका, भूमिकानाट्याचे प्रसंग आणि सेवकांचे मूल्यमापन ठरवताना त्यांचा सहभाग असेल, तसेच त्यांना इतर प्रशिक्षकांइतकेच मानधन मिळेल, अशी व्यवस्था थोड्याच ठिकाणी झाली आहे.