स्कॅनर धुरकट झाला तर आरसा घरी पुसू नका

उन्हाळा सरत आला की नागपुरात बर्डीच्या आमच्या स्कॅनर दुरुस्तीच्या दुकानात तोच प्रश्न येतो. "स्लाइडमध्ये पांढऱ्या कपड्यांभोवती वलय दिसतंय, दिवा गेला का?" दिवा सहसा गेलेला नसतो. कूलस्कॅन या निकॉनच्या फिल्म स्कॅनरमध्ये एलईडी असतात, ते वर्षानुवर्षं टिकतात. मळतो तो आरसा.

फिल्मच्या खाली एक लहानसा आरसा तिरका, तोंड वर करून बसवलेला असतो. फिल्ममधून आलेला उजेड तो भिंगाकडे वळवतो. त्यावर धूळ बसली की उजेड पसरतो. स्लाइडमध्ये उजळ भाग सावलीत सांडतो, निगेटिव्हमध्ये उलट, काळ्या कोटाचा काळेपणा बाजूच्या पांढऱ्या भिंतीवर येतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या आसपास, खिडकीला कूलर आणि त्याच्याच झोतात स्कॅनर! कोरडी धूळ फुंकणीने उडते, ओल लागलेली चिकटून बसते. पुढे पावसाळ्यात भिंगाला बुरशी लागायलाही हीच ओल पुरते.

मग व्हिडिओ बघून झाकण उघडलं जातं, रुमाल आणि काच पुसायचा स्प्रे घेतला जातो. इथेच घात होतो. घरच्या आरशाचा चंदेरी थर काचेच्या मागे असतो, या आरशाचा पुढच्या बाजूला, उघडा. रुमालाच्या एका फेऱ्यात त्यावर ओरखडे उठतात. साफसफाई आमच्याकडे अर्ध्या दिवसाचं काम आहे. ओरखडलेल्या आरशाच्या जागी बसवायचा आरसा मात्र दुसऱ्या बंद पडलेल्या यंत्रातूनच काढावा लागतो आणि तसं यंत्र मिळेपर्यंत तुमचं काम अडतं. फ्लॅटबेडच्या, म्हणजे सपाट काचेवर ठेवून स्कॅन करायच्या यंत्राच्या, काचेवरही थेट स्प्रे मारू नका. कडेने पाणी आत उतरतं आणि काच खालून धुरकटते.

तपासणीचे पैसे आम्ही आधी घेतो, ते काहींना खटकतं. पण दोष शोधायला यंत्र पूर्ण उघडावं लागतं, आणि दुरुस्ती परवडणार नसेल तर आम्ही तसं स्पष्ट सांगतो.

जुना स्कॅनर घेणार असाल तर आधी मागची जोडणी बघा. कूलस्कॅन 5000 आणि 5 यूएसबीवर चालतात, 8000 आणि 9000 ला फायरवायर ही जुन्या प्रकारची जोडणी लागते, ती नव्या लॅपटॉपवर नसते. निकॉनचं स्वतःचं सॉफ्टवेअर आजच्या विंडोजवर भरवशाचं नाही, व्ह्यूस्कॅन हे दुसऱ्या कंपनीचं स्कॅनिंग सॉफ्टवेअर घ्या. कोनिका मिनोल्टाने 2006 मध्येच कॅमेऱ्यांचा धंदा सोडला, त्यांच्या स्कॅनरचे सुटे भाग शोधणं निकॉनपेक्षाही कठीण. फक्त 35 मिमीचे घरगुती रोल असतील तर प्लस्टेक कंपनीचा नवा स्कॅनर पुरतो, 120 चे म्हणजे रुंद फिल्मचे रोल असतील तर एप्सनचा फ्लॅटबेड. 4000 डीपीआयला, म्हणजे इंचाला 4000 ठिपक्यांनी, 35 मिमीची एक फ्रेम सुमारे 2 कोटी पिक्सेलची होते, अल्बमसाठी ते भरपूर आहे. डिजिटल आइस, म्हणजे इन्फ्रारेडने धूळ ओळखून चित्रातून काढणारी सोय, रंगीत फिल्मवरच चालू ठेवा. कृष्णधवल फिल्ममधली चांदी इन्फ्रारेड अडवते, त्यामुळे यंत्र चित्रालाच धूळ समजतं.

आमच्याकडचा वापरलेला स्कॅनर तुमच्याच निगेटिव्हवर चालवून दाखवल्याशिवाय आम्ही विकत नाही. हमी तीन महिन्यांची, कारण सुटे भाग आता बनत नाहीत आणि खोटं आश्वासन द्यायचं नाही. आणि पेटीभर निगेटिव्ह एकदाच स्कॅन करायच्या असतील तर यंत्र घेऊच नका, त्या आमच्याकडे द्या.

दुरुस्तीला येताना अडॅप्टर, फिल्म होल्डर आणि धुरकट आलेली पट्टी सोबत आणा. झाकण मात्र बंदच राहू द्या.