पट्ट्यांची लोकर : मफलर व टोपीचे विणकाम

पट्ट्यांची लोकर म्हणजे ठरावीक लांबीचे भाग वेगवेगळ्या रंगांत रंगवून तयार केलेला अखंड धागा. विणताना धागा न तोडता, दुसरा गुंडा न जोडता त्यातून एकाखाली एक रंगीत पट्टे आपोआप पडतात. मराठीत ‘लोकर’ हा शब्द बोलताना ॲक्रिलिकलाही वापरला जातो. येथेही तो त्याच व्यापक अर्थाने घेतला आहे.

दुकानात मिळणारी साधी ‘शेडेड’ किंवा ‘मल्टी’ लोकर वेगळी. तिच्यात रंग काही सेंटिमीटरांवर बदलतो, त्यामुळे विणीत ठिपके किंवा डाग दिसतात. पट्टा पडायचा तर एक रंग निदान दोन-तीन पूर्ण ओळी पुरला पाहिजे, म्हणजे तो काही मीटर लांब हवा. जपानच्या नोरो कंपनीच्या धाग्यांत तर रंग इतका हळूहळू बदलतो की पट्ट्याची कड नेमकी सांगता येत नाही.

सोलापूरकरांना यातला फरक मागावरून लगेच कळतो. चादरीसाठी सूत आधी रंगवून घेतात; पण तिथे एका बाण्याचा (आडव्या सुताचा) रंग एकच असतो आणि आडवा पट्टा हवा असेल तर वेगळ्या रंगाच्या सुताचा धोटा (सूत आरपार नेणारी नळी) चालवावा लागतो. इथे बदल धाग्यातच भरलेला असतो. जवळचे नाते आहे ते तेलंगणातल्या पोचमपल्लीच्या इकत कापडाशी, कारण तिथेही नक्षी विणण्याआधी सुतावरच बांधून रंगवतात. सोलापुरात तेलंगणातून आलेली पद्मशाली विणकरांची मोठी वस्ती असल्याने हे काम इथे अनेक घरांना अनोळखी नाही.

पट्ट्याची रुंदी : ती केवळ धाग्यावर ठरत नाही, एका ओळीत किती धागा जातो यावर ठरते. मध्यम जाडीच्या लोकरीला (५० ग्रॅममध्ये ११० ते १२० मीटर) ४ मिमी सुईवर एका टाक्यास साधारण १.४ सेंमी धागा लागतो. समजा एक रंग ७ मीटर आहे. १०४ टाक्यांच्या टोपीत एका वेढ्याला (गोल विणलेल्या ओळीला) सुमारे दीड मीटर जातो, म्हणून तो रंग पाचेक वेढे चालतो व पट्टा पावणेदोन सेंमीचा होतो. ३८ टाक्यांच्या मफलरमध्ये तोच रंग १३ ओळी पुरतो. सगळ्या ओळी सुलट विणल्या तर पट्टा तीन सेंमीहून थोडा जास्त. त्यामुळे गुंड्यावरच्या चित्रातली टोपी पाहून मफलर सुरू केल्यास पट्टे अपेक्षेपेक्षा दुप्पट जाड निघतात. आधी तेवढ्याच टाक्यांच्या दहा ओळी विणाव्या, एक ओळ उसवून धागा मोजावा. हा अर्धा तास वाचवू नये.

मफलर : ३८ टाके, १८ सेंमी रुंदी, १५० सेंमी लांबी, लोकर सुमारे ३२० मीटर, म्हणजे ५० ग्रॅमचे तीन गुंडे. सुई ४ मिमी, जुन्या क्रमांकांत ८ नंबर (या क्रमांकांत आकडा वाढला की सुई बारीक होते). सगळ्या ओळी सुलट घ्याव्यात. एक ओळ सुलट, एक उलट विणल्यास रंग अधिक स्वच्छ दिसतात, पण कडा आत वळतात आणि मफलर नळीसारखा होतो. इस्त्रीने तो दोष जात नाही, शिवाय ॲक्रिलिक इस्त्रीने मरगळते. दुसरा गुंडा जोडताना पहिला ज्या रंगात संपला तो रंग नव्यात शोधून तिथूनच सुरुवात करावी, वरचा भाग कापून बाजूला ठेवावा. नवा गुंडा उलट्या टोकाने सुटला तर रंगांचा क्रम उलटा येतो. क्रम बहुतेक वेळा इथेच बिघडतो. गुंड्याच्या आत कारखान्यातली गाठ असल्यासही रंग मध्येच उडी मारतो. दोन गुंडे वेगवेगळ्या रंगांपासून सुरू करून दोन-दोन ओळी आलटूनपालटून विणल्या तर बारीक, न संपणारे पट्टे मिळतात, आणि माझ्या मते मफलरला हीच रीत सर्वांत शोभते.

टोपी : ५५ सेंमी डोक्यासाठी १०४ टाके, विणलेला घेर ४७ सेंमी, ताणून बसतो. गोल सुईवर विणावी. सपाट विणून शिवल्यास शिवणीवर पट्टे एक-दोन ओळींनी चुकतात. खालच्या कडेची पट्टी ४ सेंमी, एक टाका सुलट एक उलट, अर्धा मिमी बारीक सुईवर. पट्टीत रंग बदलतो तिथे उलट टाक्यांवर दोन रंगांची टिंबे उमटतात. नको असल्यास पट्टी साध्या एकरंगी लोकरीची करावी. पुढे ९ सेंमी सुलट. मग ११ सुलट व दोन टाके एकत्र, असे आठ वेळा (९६ टाके उरतात). पुढचा वेढा साधा. नंतर १० सुलट व दोन एकत्र, असे दर दुसऱ्या वेढ्याला आठ टाके कमी करत ८ उरेपर्यंत जावे, धागा त्यांतून ओढून घट्ट बांधावा. टाके कमी होतात तसे वरचे पट्टे रुंदावतात. हा दोष नाही. ४८ टाक्यांवर तोच रंग दहा वेढे पुरतो एवढेच. एक गुंडा पुरतो.

सोलापुरात थंडी थोडे दिवस आणि मुख्यतः पहाटेची. संक्रांतीच्या सुमारास भरणाऱ्या सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत सकाळी घेतलेला मफलर दुपारच्या उन्हात हातात येतो. म्हणून रोजच्या वापराला सुती किंवा सूत-ॲक्रिलिक मिश्र धागा बरा, अस्सल लोकर उत्तरेच्या प्रवासासाठी ठेवावी. सुताला लोकरीसारखी लवचीकता नसते. टोपी काही दिवसांत सैलावते, म्हणून ९६ टाके घ्यावेत आणि पहिल्या कमी करण्याच्या वेढ्यात १० सुलट, दोन एकत्र ठेवावे. गडद रंगाशेजारी पांढरा असेल तर पहिली धुलाई थंड पाण्यात, भिजत न ठेवता करावी. मिठाच्या पाण्यात बुडवल्याने रंगवून झालेल्या धाग्याचा रंग पक्का होत नाही. पिळू नये, टॉवेलात गुंडाळून पाणी काढावे व सावलीत आडवे पसरून वाळवावे. दोरीवर टांगलेला ओला मफलर स्वतःच्या वजनाने लांबतो.