मामा तलावातला बिनपानांचा लव्हाळा

भंडारा-गोंदिया भागातील माजी मालगुजारी तलावांच्या, म्हणजेच मामा तलावांच्या काठावर पावसाळा ओसरताना जो हिरवा पट्टा दिसतो, त्याला सरसकट गवत म्हटले जाते. प्रत्यक्षात त्यातील बराचसा भाग लव्हाळ्यांचा असतो. जगभरात सुमारे ५,५०० जाती असलेल्या या सायपरेसी कुळातील नागरमोथा शेतकऱ्यांच्या चांगलाच, किंबहुना नको इतका, परिचयाचा आहे.

लव्हाळ्याचे खोड बोटांत धरून फिरवले की बहुधा तीन धारा हाताला लागतात. ते आतून भरीव असते, त्यावर गवतासारखी पेरे नसतात, पाने तीन ओळींत येतात आणि पानाचा खोडाला वेढणारा भाग बंद नळीसारखा असतो. गवतात हाच भाग सहसा उभा चिरलेला असतो आणि पाने दोन ओळींत असतात.

एलिओकॅरिस डल्सिस ही लव्हाळ्याची जाती मात्र यांतील बहुतेक खुणा मोडते. तिचे खोड गोल व पोकळ असून त्यात थोड्या थोड्या अंतरावर आडपडदे असतात, त्यामुळे वाळलेल्या खोडावर ज्वारीच्या धांड्यासारखी पेरे असल्याचा भास होतो. खोड चिमटीत दाबत नेले की हे पडदे फुटल्याचा बारीक आवाज येतो. पाने जवळजवळ नसतातच. बुडाशी नुसती पातळ आवरणे उरतात आणि अन्न तयार करण्याचे काम हिरवे खोडच करते. टोकाला एकच, खोडाएवढीच जाड कणिसका, म्हणजे फुलांचे छोटे कणीस, येते. तिची भावकीतली एलिओकॅरिस अक्युटँग्युला दुरून तशीच दिसते, पण तिचे खोड तीनधारी असते आणि त्यात आडपडदे नसतात. खात्री करायची असेल तर पिकलेले फळ भिंगाखाली पाहावे: माथ्यावर कुक्षिवृंताचे (फुलातील बीजकोशावरच्या दांडीचे) टिकून राहिलेले बूड आणि तळाशी राठ केस दिसतात. केवळ फुलोऱ्याच्या छायाचित्रावरून जाती सांगणे मला धाडसाचे वाटते.

ही वनस्पती उथळ, संथ पाण्यात वाढते. तळाच्या चिखलात प्राणवायू फारसा नसतो. खोडातील पोकळ्यांमधून तो मुळांपर्यंत पोहोचतो. उन्हाळ्यात पाणी मागे सरकले की वरचा भाग वाळतो, परंतु चिखलातील कंद जिवंत राहतात आणि पाणी चढताच पुन्हा फुटतात. असे कंद सारस पक्षी चोचीने उकरून खातो. इंग्रजीत दोघांनाही ‘वॉटर चेस्टनट’ म्हणत असले, तरी शिंगाड्याशी या कंदांचा संबंध नाही. तो वेगळ्याच कुळातील वेलीचे फळ आहे.

त्यामुळे गाळ काढताना काठ उभा कापला गेला, तर तलावात पाणी अधिक साठते, पण या लव्हाळ्याला हवा असलेला उथळ उतारच नाहीसा होतो.