अठराच्या आतला 'सुटतोच' असं नाही

मुंबईतल्या पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर वर्षानुवर्षं एक मेसेज फिरतोय: 'सिंगापूरमध्ये ड्रग्ज सापडले तर पोरांनाही फाशी, आपल्याकडे अठराच्या आतला सुटतोच.' दोन्ही वाक्यं चुकीची आहेत.

सिंगापुरात 15 ग्रॅमपेक्षा जास्त शुद्ध हेरॉइनच्या तस्करीला फाशी आहे खरी. पण गुन्ह्याच्या वेळी वय 18 च्या आत असेल तर जन्मठेप.

आपल्याकडे अठराच्या आतल्याचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं. समुपदेशनापासून विशेष गृहात (मुलांच्या सुधारगृहात) 3 वर्षांपर्यंत काहीही होऊ शकतं. पण एमडी (मेफेड्रोन हे ड्रग) 50 ग्रॅमच्या वर गेली की ती कायद्याच्या भाषेत व्यावसायिक मात्रा, म्हणजे मोठा साठा. मोठ्यांना त्याची शिक्षा किमान 10 वर्षं, म्हणजे गुन्हा अतिगंभीर. मग 16 ते 18 वयाच्या मुलावर, मंडळाने आधी त्याची मानसिक-शारीरिक क्षमता आणि परिस्थिती तपासून, प्रौढासारखा खटला चालू शकतो. फाशी मात्र कायद्यानेच नाही.

मेसेजमध्ये कधीच नसतं, आणि मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं, ते 2015 च्या बाल न्याय कायद्याचं कलम 78: मुलाच्या हातून ड्रग्जच्या पुड्या पोहोचवणाऱ्या माणसाला 7 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि 1 लाखापर्यंत दंड.