मूळ कोणते, प्रक्षिप्त कोणते : ‘डॉक्टर हू’च्या चाहते-लेखकांची पार्श्वभूमी

26 मार्च 2005 रोजी ‘डॉक्टर हू’ ही बीबीसीची जुनी विज्ञानकथा-मालिका पुन्हा सुरू झाली. त्या हंगामाचे 13 भाग पाच जणांनी लिहिले होते आणि ते पाचही जण लहानपणापासून या मालिकेचे निष्ठावंत चाहते होते. त्यानंतर मालिकेची सूत्रे आलटून पालटून ज्या तीन प्रमुख लेखकांकडे गेली, तेही चाहतेच. चाहत्यांनी मालिका बळकावली, असा सूर अधूनमधून लावला जातो, पण तो इतिहासाला धरून नाही. 1989 मध्ये मालिका थांबल्यानंतर पंधरा वर्षांहून अधिक काळ ती सांभाळायला दुसरे कोणी उरलेच नव्हते.

चाहत्यांनी पहारा देण्याची ही सवय मात्र त्याहून जुनी आहे. साठच्या दशकातील अनेक भागांच्या टेप बीबीसीने पुसून पुन्हा वापरल्या आणि 90 हून अधिक भागांचे चित्रण हाती उरले नाही. पण काही मुलांनी भाग चालू असताना टीव्हीसमोर मायक्रोफोन धरून आवाज टेपवर उतरवून घेतला होता, म्हणून त्या प्रत्येक हरवलेल्या भागाचा ध्वनी आज ऐकता येतो. 1980 मध्ये विशीही न गाठलेल्या एका चाहत्याची चार भागांची कथा पडद्यावर आली. तो अपवाद होता, कारण त्या काळी बहुतेक पटकथा मुरलेल्या व्यावसायिक लेखकांकडूनच घेतल्या जात. 1986 च्या डिसेंबरात बीबीसीच्याच एका कार्यक्रमात 16 वर्षांच्या एका मुलाने, पटकथा लिहिणारे दांपत्य स्टुडिओत बसलेले असताना, नुकतेच संपलेले कथानक ठोकळेबाज असल्याचे सरळ सांगून टाकले. तोच मुलगा 2018 मध्ये मालिकेचा प्रमुख लेखक म्हणून प्रेक्षकांपुढे आला.

खरी शाळा भरली ती 1991 नंतर. पडद्यावरचा शेवटचा भाग डिसेंबर 1989 मध्ये दाखवला गेला आणि पुढचा हंगाम निघालाच नाही. तेव्हा एका प्रकाशन संस्थेने नव्या, स्वतंत्र कादंबऱ्या काढायचे ठरवले आणि, ज्यांचे आधी काहीही छापून आलेले नाही अशांचीही हस्तलिखिते वाचली जातील, असे जाहीर केले. इंग्रजी प्रकाशन व्यवहारात असे दार सहसा उघडे नसते. 1997 पर्यंत या मालेत 61 कादंबऱ्या निघाल्या. तिच्या पहिल्याच वर्षातील एक कादंबरी लेखकाने आधी एका फॅनझीनमध्ये, म्हणजे चाहत्यांनीच काढलेल्या नियतकालिकात, लिहिलेल्या कथेतून वाढवलेली होती, आणि 2005 च्या पाच जणांपैकी एक तोच. पुनरागमनाची सूत्रे ज्याच्या हाती होती, त्यानेही 1996 मध्ये याच मालेत एक कादंबरी लिहिली होती. 1999 पासून अधिकृत परवान्याने श्राव्य नाटकेही निघू लागली. ती काढणाऱ्यांत ऐंशीच्या दशकात घरगुती कॅसेटवर विनापरवाना भाग बनवणारी माणसे होती. त्यांच्यापैकीच एकाचा आवाज 2005 पासून पडद्यावरच्या डालेक या कवचधारी शत्रूंना आहे.

सगळा गुंता येथूनच सुरू होतो आणि तो ‘कॅनन’ या शब्दाभोवती आहे. पोथीच्या भाषेत सांगायचे तर मूळ संहिता कोणती आणि प्रक्षिप्त भाग कोणता, असा हा वाद आहे. इतर मालिकांचे मालक याचा निवाडा करून टाकतात, बीबीसीने तो कधीच केला नाही. मालिकेचा नायक ‘डॉक्टर’ हा काळातून भटकणारा परग्रहवासी. मरायला टेकला की तो पुनर्जन्म घेऊन नवे रूप धारण करतो, म्हणून त्याची रूपे पहिला, दुसरा अशी मोजली जातात. 1995 च्या एका कादंबरीत सातवा डॉक्टर माणूस होऊन, स्वतःची ओळख विसरून, 1914 च्या इंग्लंडमधील एका शाळेत शिकवतो. 2007 मध्ये त्याच लेखकाने तीच कथा दहाव्या डॉक्टरसाठी पडद्यावर आणली आणि साल 1913 केले. दोन्ही कथा प्रमाण मानल्या, तर एकाच माणसावर एकच प्रसंग जवळजवळ जसाच्या तसा दोनदा गुदरला असे म्हणावे लागते. कादंबरी प्रक्षिप्त ठरवली, तर पडद्यावरची कथा आली कोठून, याचे उत्तर द्यावे लागते.

2020 चा वाद याच मातीतला आहे. जानेवारी 1976 मध्ये दाखवलेल्या एका कथेत डॉक्टर आणि त्याच्याच जातीचा खलनायक मॉर्बिअस यांचे मनोयुद्ध होते आणि त्यात डॉक्टरच्या आधीच्या रूपांमागोमाग आठ अनोळखी चेहरे झळकतात. ते चेहरे निर्मितीत काम करणाऱ्या मंडळींचेच होते आणि ती डॉक्टरचीच पूर्वरूपे असल्याचे निर्मात्याने पुढे सांगितलेही. पण त्याच वर्षाच्या शेवटी दुसऱ्या एका कथेने पुनर्जन्मांवर बाराची मर्यादा घातली. चौथ्या डॉक्टरच्या मागे आणखी आठ रूपे धरली, तर हिशेब तेथेच संपत आला असता. म्हणून बहुसंख्य चाहत्यांनी ते चेहरे मॉर्बिअसचे ठरवले आणि चाळीस वर्षे तसेच मानले. बाराची मर्यादाही 25 डिसेंबर 2013 च्या भागात पुनर्जन्मांचे नवे आवर्तन बहाल करून ओलांडावी लागली, आणि ती ओलांडणारा लेखकही चाहताच होता.

1 मार्च 2020 च्या भागात तेच आठ चेहरे पुन्हा दाखवून, पहिल्या डॉक्टरच्या आधीही डॉक्टरची अनेक आयुष्ये होऊन गेली, असे ठरवण्यात आले. एका चाहत्याने अधिकाराच्या जागी बसून आपला लाडका तर्क सर्वांवर लादला, असा आरोप झाला. त्यातला दुखावलेपणा खरा आहे, कारण ज्याला आपण आरंभ समजत होतो, तो आरंभ राहिला नाही. तरीही हा तर्क एकट्याचा नव्हता. डॉक्टर दिसतो त्याहून कितीतरी पुरातन आहे, ही कल्पना 1989 पूर्वीच्या पटकथा-संपादकाच्या चमूत घोळत होती. सत्तरच्या दशकापासून पटकथा पाठवत आलेल्या एका चाहत्याने तीवर बेतलेली कथा मांडली. ती निर्मात्याने नाकारली, तिच्या जागी त्याच लेखकाची दुसरी कथा घेतली आणि जुन्या मालिकेतील सर्वांत शेवटी चित्रित झालेली कथा तीच ठरली. नाकारलेली कथा 1997 मध्ये कादंबरी म्हणून छापली गेली. 2020 चा निर्णय आवडो न आवडो, त्याचे मूळ त्या फेटाळलेल्या कागदांच्या आसपास शोधायला हवे.

या परंपरेची एक बाजू मात्र फार कमी बोलली जाते. कादंबऱ्या आणि श्राव्य नाटकांच्या वाटेने वर आलेले लेखक जवळजवळ सगळे पुरुष होते. पुनरागमनानंतर स्त्री-लेखिकेचे नाव प्रथम 2007 मध्ये दिसले आणि 2008 नंतर ऑक्टोबर 2015 पर्यंत एकाही भागावर ते नव्हते. लखनौला जन्मलेल्या तरुण दिग्दर्शकाने 1963 मध्ये ज्या मालिकेची पहिली कथा दिग्दर्शित केली, तिच्यासाठी लिहिण्याची संधी पुनरागमनानंतर भारतीय वंशाच्या लेखकाला मिळायला 2018 उजाडावे लागले. तो रंगभूमीवरून आला होता. त्याने 1947 चा पंजाब निवडला आणि नव्याने आखल्या जाणाऱ्या सीमेवर एका हिंदू तरुणाचे आणि मुस्लिम तरुणीचे लग्न लावून, त्याच दिवशी त्या तरुणाला त्याच्याच भावाच्या बाजूने आलेल्या बंदुकांसमोर उभे केले.