सर्व्हिस लर्निंग, करिअर काउन्सेलिंग आणि स्क्रीन: हे सगळं एकत्र आलं कसं

काउन्सेलर व्हायला शिकणारे विद्यार्थी लॅपटॉप उघडून दूरच्या शाळेतल्या मुलांशी बोलतात, तुला काय आवडतं, काय जमतं, कॉलेजला जायचंय की एखादं हाताचं काम शिकायचंय वगैरे, आणि हे त्यांच्या कोर्समध्येच धरलं जातं. सेवा करता करता शिकायच्या या पद्धतीला सर्व्हिस लर्निंग म्हणतात. ऐकलं की वाटतं कोविडच्या काळात निघालेला जुगाड असेल. पण याची मुळं शंभर वर्षांहून जुनी आहेत.

सुरुवात बॉस्टनमधली. नॉर्थ एंड नावाच्या गरीब स्थलांतरितांच्या वस्तीत सिव्हिक सर्व्हिस हाऊस म्हणून एक सेवाकेंद्र होतं, तिथे फ्रँक पार्सन्स यांनी जानेवारी १९०८ मध्ये व्होकेशन ब्युरो उघडला. हा माणूस स्वतः इंजिनिअरिंग शिकलेला, मग रेल्वेत काम, मग शिक्षक, मग वकील, त्यामुळे काम निवडताना किती चाचपडायला होतं हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. त्यांचं म्हणणं सरळ होतं: आधी स्वतःला ओळखा, मग कामाच्या जगाची नीट माहिती घ्या आणि मग दोन्हीची सांगड विचार करून घाला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ते वारले, हे विचार मांडणारं त्यांचं पुस्तक आलं ते १९०९ मध्ये, त्यांच्या पश्चात. पण मला यातली मोठी गोष्ट वाटते ती ही की करिअर काउन्सेलिंग युनिव्हर्सिटीत नाही तर सेवेच्या जागेत जन्मलं, आणि काउन्सेलर तयार करायचं ट्रेनिंगही पार्सन्स यांनी लगेच हाती घेतलं होतं. सेवा आणि शिकणं तेव्हा वेगळं नव्हतंच.

वेगळं झालं ते नंतर. काउन्सेलिंगचं काम शाळांमध्ये गेलं, मुलाचा कल आणि क्षमता मोजणाऱ्या टेस्ट आल्या, १९१३ मध्ये या क्षेत्राची व्यावसायिक संघटना उभी राहिली. १९५७ मध्ये रशियाने स्पुटनिक सोडला आणि अमेरिका हादरली, १९५८ च्या संरक्षण शिक्षण कायद्यातून शाळेतल्या काउन्सेलरच्या ट्रेनिंगला भरपूर पैसा मिळाला, पण उद्देश होता हुशार मुलं हेरून विज्ञानाकडे वळवायची. बाकीच्या मुलांचं काय हा प्रश्न मागेच राहिला. त्याच दशकात मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड सुपर सांगत होते की करिअर म्हणजे एकदाच घ्यायचा निर्णय नाही, ते आयुष्यभर घडत जातं, आणि साधारण चौदा-पंधरापासूनचा काळ शोधाचा असतो. टीनएजरला टेस्टचा रिझल्ट हातात देऊन मोकळं होता येत नाही, कुणीतरी सोबत बसावं लागतं, ते इथून पटायला लागलं.

सर्व्हिस लर्निंग हा शब्द १९६७ च्या आसपास रॉबर्ट सिग्मन आणि विल्यम रॅमसे यांच्या कामातून रुळला. त्यामागे शिक्षणाचे तत्त्वज्ञ जॉन ड्यूई होते, नुसत्या अनुभवाने माणूस शिकत नाही, त्यावर विचार करावा लागतो हे त्यांनी आधीच मांडलं होतं. सिग्मन यांनी १९७९ मध्ये तीन तत्त्वं लिहिली आणि त्यातलं पहिलंच माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं: सेवा काय हवी हे सेवा घेणाऱ्याने ठरवायचं. म्हणजे शाळेला आणि मुलांना काय पाहिजे ते आधी विचारा, तुमच्या सिलॅबसमध्ये काय बसतं ते नंतर. व्हॉलंटिअरिंगमध्ये मदत होते पण शिकणं मोजलं जात नाही, प्रॅक्टिकममध्ये, म्हणजे कोर्समधल्या देखरेखीखालच्या सरावात, सगळा हिशोब शिकणाऱ्याच्या तासांचा, आणि सर्व्हिस लर्निंगमध्ये दोन्ही बाजूंना काहीतरी मिळालंच पाहिजे.

काउन्सेलरच्या शिक्षणात याची जागा कुठे, तर अमेरिकेत केकरेप ही मान्यता देणारी संस्था १९८१ मध्ये आली, तिच्या नियमांत प्रॅक्टिकमचे किमान १०० तास आणि इंटर्नशिपचे ६००. पण हे सगळं कोर्सच्या शेवटाकडे. करिअरचा विषय त्याआधी वर्गात, थिअरी म्हणून शिकवला जातो आणि बऱ्याच विद्यार्थ्यांना तो कोरडा वाटतो, साहजिक आहे, कारण समोर खरा सोळा वर्षांचा मुलगा नसतो. ती पोकळी सर्व्हिस लर्निंग भरून काढतं.

स्क्रीनचा भाग सगळ्यात शेवटी जोडला गेला. करिअर गायडन्समध्ये कॉम्प्युटर १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून आहे, १९९८ मध्ये ओ-नेट हा व्यवसायांचा डेटाबेस खुला झाला. ऑनलाइन सर्व्हिस लर्निंगचे प्रकार २०१२ च्या एका लेखात मांडले गेले होते, काहीत शिकवणं ऑनलाइन आणि सेवा प्रत्यक्ष, काहीत उलट, काहीत दोन्ही मिसळलेलं आणि एकात सगळंच ऑनलाइन. मार्च २०२० नंतर शाळा बंद झाल्या आणि हा शेवटचा प्रकार नाइलाजाने सगळ्यांना करावा लागला. तो नंतरही टिकला कारण गरज खरी होती: अमेरिकेतली शाळा काउन्सेलरांची संघटना म्हणते २५० मुलांमागे एक काउन्सेलर हवा, प्रत्यक्षात तिथे एका काउन्सेलरमागे सरासरी मुलं त्याहून बरीच जास्त आहेत आणि दूरच्या छोट्या शाळांपर्यंत ट्रेनी प्रत्यक्ष पोचूच शकत नव्हते.

अडचणीही स्क्रीनसोबतच आल्या. मुलगा कॅमेरा बंद ठेवतो, किंवा शेजारीच घरचं कुणी बसलेलं असतं, मग मनातलं तो बोलणार कसा? पालकांची परवानगी, रेकॉर्डिंग कोण बघणार, सुपरव्हायझर कॉलवर असणार का, हे सगळं आधीच ठरवावं लागतं. आणि सेमिस्टर संपलं की ट्रेनी जातो, मुलाचं प्लॅनिंग मात्र अर्ध्यावर असतं, म्हणून केलेल्या कामाची नोंद मुलाकडे आणि शाळेच्या काउन्सेलरकडे सोपवून मगच निघायचं, ही गोष्ट पहिल्या मीटिंगलाच शाळेशी बोलून घ्यावी लागते.